काळ्या कातळावरची लाल वाईन आणि कृष्णाकाठचं ताट

तासगावच्या पूर्वेला, जिथं काळी संपून माळ सुरू होतो, तिथं माझ्या चुलतभावाची दोन एकर द्राक्षबाग आहे. एप्रिलात खरड छाटणी चालली होती. त्यानं वेलीच्या बुडातला मूठभर मुरूम उकरून माझ्या हातावर ठेवला. तांबूस-करडा, बोटांत चुरगळणारा, मधूनमधून पांढरे ठिपके असलेला. "ह्यात पाणी थांबत न्हाई, म्हणून तर गोडी येती," तो म्हणाला. ते पांढरे ठिपके म्हणजे लाव्हातल्या बुडबुड्यांच्या पोकळ्यांत मागाहून भरलेली खनिजं. आणि तो मुरूम म्हणजे साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी वाहून थिजलेला लाव्हाच, ऊनपावसानं भुगा झालेला.

त्याच आठवड्यात भाचा इटलीहून आला होता. त्यानं सिसिली बेटावरची एक लाल वाईन आणली होती. तिच्या लेबलावर एटना ज्वालामुखीचं चित्र होतं आणि ज्वालामुखीच्या मातीचा अभिमानानं उल्लेख होता. बाटली हातात घेतल्यावर दोन प्रश्न मनात आले आणि पुढे वर्षभर त्यांनी पाठ सोडली नाही. ज्वालामुखीची माती हे जर लाल वाईनचं एवढं भांडवल असेल, तर लाव्हावरच वसलेल्या आणि द्राक्षांनी भरलेल्या सातारा-सांगलीची लाल वाईन कुठं आहे? आणि अशी दमदार लाल वाईन आपल्या ताटाशेजारी ठेवली, तर कशाबरोबर तिचं जमतं नि कशाबरोबर बिनसतं?

आधी मातीचं बघू. आपल्या भागाचा लाव्हा हा काही आडबाजूचा मामला नाही. दख्खनच्या लाव्हाथरांतला वरचा आणि आकारमानानं सगळ्यांत मोठा हिस्सा जगभरचे भूवैज्ञानिक 'वाई उपगट' या नावानं ओळखतात. त्यातल्या एका थरसमूहाचं नाव आंबेनळी, दुसऱ्याचं महाबळेश्वर. आपण ज्या घाटांतून एसटीनं ये-जा करतो त्यांची नावं पृथ्वीच्या इतिहासाच्या पुस्तकांत कायमची बसली आहेत. १९६७ च्या कोयना भूकंपानंतर या खोऱ्याचा जो अभ्यास सुरू झाला, त्यातून पुढे कराडला केंद्र सरकारची संशोधन प्रयोगशाळा उभी राहिली. तिनं कोयना परिसरात सुमारे ३ किलोमीटर खोल छिद्र घेतलं, तेव्हा लाव्हाचे थर संपून खालचा ग्रॅनाइटी खडक लागायला सव्वा किलोमीटरच्या आसपास खाली जावं लागलं. एवढ्या जाडीच्या ज्वालामुखी खडकावर आपण ज्वारी, ऊस, हळद आणि द्राक्षं पिकवतो.

तरीही एटना आणि तासगाव यांत फरक आहे, आणि तो समजून घेतल्याशिवाय पुढं जाता येत नाही. सुमारे ३,३०० मीटर उंचीचा एटना आजही धुमसतो. त्याच्या उतारावरची माती तरुण आहे, राख आणि वाळूची. बागा साधारण ४०० ते १,००० मीटर उंचीवर, लाव्हाच्या दगडांनी रचलेल्या पायऱ्यांवर आहेत. एकोणिसाव्या शतकात फायलोक्सेरा या मुळं कुरतडणाऱ्या किडीनं युरोपातल्या बागा बसवल्या, पण ज्वालामुखीच्या वाळूत तिला नीट पसरता आलं नाही. म्हणून तिथं शंभर वर्षांपलीकडचे, कलम न केलेले वेल अजून फळ देतात. एटनाच्या वाईनला १९६८ मध्ये इटलीचा प्रदेशनामाचा दर्जा मिळाला. तिच्या लाल वाईनमध्ये किमान ८० टक्के नेरेल्लो मास्कालेझे हे तिथलं देशी द्राक्ष असावं लागतं.

आपला लाव्हा मात्र म्हातारा आहे. कोट्यवधी पावसाळ्यांनी त्याची चिकणमाती झाली, तीच आपली काळी. पावसात फुगते, उन्हात भेगाळते, पाणी धरून ठेवते. उसाला ती आईसारखी आहे, वाईनच्या द्राक्षाला नाही. भारी जमिनीत वेल पानंच करत बसतो, मणी पाण्यानं फुगतो आणि सालीतला रंग नि तुरटपणा पातळ होतो. एटनाच्या पायऱ्यांशी आपलं नातं जुळतं ते काळीत नव्हे, माळावर: तासगाव, कवठे महांकाळ, जत, खानापूर, आटपाडी, आणि साताऱ्याकडचे माण-खटाव. वर्षाला ५०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस, हलकी मुरमाड जमीन, कोरडी हवा. पूर्वी उन्हाळ्यात टँकरनं पाणी घालून बागा जगवल्या. मग ताकारी, म्हैसाळ, टेंभू या उपसा योजनांनी कृष्णा वर चढवली. ज्या माळाला आपण पिढ्यान्‌पिढ्या नावं ठेवली, तोच द्राक्षाला लाभला.

इथं एक गैरसमज दूर करायला हवा. वाईनच्या जाहिराती सांगतात की ज्वालामुखीची खनिजं वाईनमध्ये 'चाखता येतात'. वेल्समधले भूवैज्ञानिक अ‍ॅलेक्स माल्टमन यांनी २०१८ च्या आपल्या पुस्तकात हा दावा शांतपणे उलगडून दाखवला आहे. वेल मुळांतून पाणी आणि त्यात विरघळलेली पोषणद्रव्यं घेतो, खडकाची चव घेत नाही. खडकाला स्वतःला म्हणावी अशी चवच नसते. जमीन काम करते ती वेगळ्या वाटेनं: पाणी किती थांबतं, मुळं किती खोल जातात, दिवसाची ऊब रात्री किती टिकते. माझ्या भावानं एका वाक्यात सांगितलं ते हेच होतं.

मातीपेक्षाही मोठा फरक आभाळाचा आहे. एटनाचे वेल हिवाळ्यात झोपतात. सांगलीचा वेल कधीच झोपत नाही, त्याला कात्रीनं झोपवावं आणि उठवावं लागतं. एप्रिलात खरड छाटणी घेऊन काडी तयार करायची आणि ऑक्टोबरच्या सुमारास फळ छाटणी घेऊन घड धरायचे. वर्षात छाटण्या दोन, पीक एक. एटनावर द्राक्ष पिकतं ते शरदात, थंडीकडे जाताना. आपल्याकडे पिकतं ते फेब्रुवारी-मार्चात, उन्हाळ्याकडे जाताना. शेवटच्या पंधरवड्यात पारा चढतो, साखर भराभर वाढते आणि द्राक्षातलं मॅलिक आम्ल तेवढ्याच वेगानं जळून जातं. म्हणून दख्खनची लाल वाईन स्वभावानंच भरदार, पिकल्या फळाच्या वासाची होते, पण तिच्यात आंबटपणाची धार कमी पडते. ताटाशी तिचं जमवताना हे विसरून चालत नाही.

मग एवढं सगळं असून सांगलीची लाल वाईन का नाही? प्रयत्न झाले नाहीत असं नाही. नारायणगावला श्यामराव चौगुले यांनी १९८० च्या दशकात इंडेज ही वायनरी उभी केली आणि महाराष्ट्राच्या द्राक्षाची फेसाळ वाईन परदेशी पाठवली. राजीव सामंत यांच्या सुलाची पहिली वाईन २००० साली नाशिकला आली. २००१ मध्ये राज्यानं द्राक्षप्रक्रिया उद्योगाचं धोरण आणलं, उत्पादन शुल्कात सवलती दिल्या आणि औद्योगिक विकास महामंडळानं दोन वाईन पार्क आखले. गोदावरीच्या नावाचा नाशिक जिल्ह्यात विंचूरला, कृष्णेच्या नावाचा सांगली जिल्ह्यात पलूसला. पलूसचा मोठा गाजावाजा झाला. गावोगाव बैठका झाल्या, शिराझ आणि कॅबर्ने या वाईनच्या द्राक्षांची रोपं लागली.

आणि २००८ उजाडलं. जगभर मंदी आली, वर्षाअखेरीस मुंबईवर हल्ला झाला, हॉटेलं ओस पडली. टाक्यांत वाईन तुंबली, वायनऱ्यांनी माल उचलणं कमी केलं. त्यानंतर इंडेजही कोसळली. नाशिक सावरलं, कारण मुंबई जवळ, पर्यटक जवळ, आणि वायनरीत येऊन वाईन पिण्याचा रिवाज तिथं रुजला होता. पलूसला यातलं काहीच नव्हतं. आमच्या नात्यातल्या एका तात्यांनी तेव्हा एकरभर शिराझ लावली होती. दोन हंगामांचे पैसे अडकले. तिसऱ्या वर्षी त्यांनी वेल बुडापासून कापून त्यावर खायच्या द्राक्षाचं कलम बांधलं. "दर लेखी ठरलावता," ते अजून सांगतात, "खरं पैसं कवा, ते कुटं लिवलंवतं?"

सांगलीच्या शेतकऱ्याला दोष द्यायला माझी जीभ वळत नाही. हिशेब साधा आहे. खायचं द्राक्ष एकरी १० ते १२ टन निघतं. चांगल्या लाल वाईनसाठी त्याच्या निम्म्याहूनही कमी पीक धरावं लागतं, नाहीतर रस पाणचट होतो. त्याहून मोठी गोष्ट मालाच्या मालकीची आहे. वाईनचं द्राक्ष पिकलं की दिवसाच्या आत वायनरीत जायला हवं. भावासाठी थांबता येत नाही. बेदाण्याचं तसं नाही. ४ किलो द्राक्षाचा १ किलो बेदाणा होतो, तो शीतगृहात ठेवता येतो, आणि सांगली-तासगावच्या सौद्यांत मनासारखा भाव येईपर्यंत थांबता येतं. बेदाणा शेतकऱ्याच्या हातात राहतो. सांगलीच्या बेदाण्याला भौगोलिक मानांकन मिळालं ते उगाच नाही, चाळीस-पन्नास वर्षांची हातोटी आहे त्यामागं. सरकारनं २००९ पासून वाईनवरच्या विक्रीकराचा मोठा भाग उत्पादकाला परत देण्याची योजना चालवली. ती वायनरीला उपयोगी पडली. द्राक्ष पिकवणाऱ्याच्या जोखमीला तिनं हात घातला नाही. पलूस का उभं राहिलं नाही याचं माझ्या मते खरं उत्तर इथं आहे.

समाजाचा प्रश्नही आहेच, आणि तो टाळून वाईनवर लिहिणं मला बरोबर वाटत नाही. हा भाग माळकऱ्यांचा आहे. इथल्या कित्येक गावांत बायांनी मतदान करून बाटली आडवी केली आहे, आणि ज्या घरांनी दारूपायी जमीन घालवली त्यांच्यासमोर वाईनचं कौतुक करताना जीभ जपून वापरावी. जानेवारी २०२२ मध्ये मोठ्या किराणा दुकानांत वाईन विकू देण्याचा निर्णय मंत्रिमंडळानं घेतला. अण्णा हजारे यांनी उपोषणाचा इशारा दिला आणि तो निर्णय मागं पडला. त्या वादात 'वाईन म्हणजे दारू नव्हे' असं बरंच बोललं गेलं. ते खरं नाही. १३-१४ टक्के मद्यार्क असलेलं पेय दारूच आहे. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२३ मध्ये स्पष्ट म्हटलं की मद्याचं कोणतंही प्रमाण निर्धोक मानता येत नाही. मी पुढं जे लिहितो ते ज्यांच्या घरी हे चालतं त्यांच्यासाठी, आणि पेलाभर वाईन जेवणाबरोबर, जेवणापुरती, या अर्थानं.

आता ताट. गेल्या फेब्रुवारीत सांगलीत भावाच्या घरी आम्ही तीन लाल बाटल्या आणि सहा पदार्थ समोरासमोर मांडले. पहिली भाच्यानं आणलेली एटनाची. दुसरी नाशिककडची शिराझ. तिसरी अकलूजच्या फ्रातेल्लीची सेट्टे, म्हणजे सांजोवेझे आणि कॅबर्ने यांचं मिश्रण. अकलूज सोलापूर जिल्ह्यात असलं तरी फलटणच्या माणसाला ते शेजारचंच. मोहिते-पाटील घराणं, दिल्लीचे सेखरी बंधू आणि इटलीचे सेच्ची बंधू यांनी मिळून माळशिरस तालुक्याच्या माळावर या बागा लावल्या. सांगलीच्या शेतकऱ्यानं जाऊन बघावं असं सगळ्यांत जवळचं उदाहरण हेच आहे. चौथी बाटली मी शोधत होतो, मिळाली नाही: निफाडजवळ कुंदेवाडीच्या रेव्हेलोनं नेरो दाव्होला हे खुद्द सिसिलीचं काळं द्राक्ष नाशिकच्या बसाल्टवर लावलं आहे. ज्वालामुखीच्या बेटाचं द्राक्ष आणि दख्खनचा लाव्हा, अशी गाठ महाराष्ट्रात पडली आहे, एवढं तरी नोंदवून ठेवतो.

सुरुवातच चुकली. बाटल्या दुपारभर फडताळात होत्या. लाल वाईन 'घरच्या तापमानाला' प्यावी असं सगळे सांगतात, पण ते घर युरोपातलं, १६ ते १८ अंशांचं. आमच्या स्वयंपाकघरात ३२ अंश होते. पहिल्या घोटाला तिन्ही बाटल्यांतून नुसता स्पिरिटचा भपका आला. अर्धा-पाऊण तास फ्रिजमध्ये ठेवल्या, तेव्हा फळांचे वास वर आले. आपल्याकडच्या हवेत लाल वाईनही गार करूनच घ्यावी, हा या सगळ्या खटाटोपातला सगळ्यांत उपयोगी धडा. दुसरं, बाटली कुठून आणली हे बघावं. एका दुकानात मी पत्र्याखालच्या वरच्या फळीवरची बाटली घेतली होती. बूच वर सरकलेलं होतं आणि आतली वाईन शिजलेल्या मनुकांसारखी लागत होती. आणि पेला तोंडाशी थोडा निमुळता हवा. फुलपात्रात वाईनला काही होत नाही, पण वास पसरट तोंडातून उडून जातो.

पहिला पदार्थ मटणाचा तांबडा रस्सा. तो पेटतो कशानं ते आधी सांगतो. सातारा-सांगलीच्या घरात 'चटणी' म्हणजे कांदा-लसणाचा मसाला. उन्हाळ्यात वर्षाचा एकदम डंकावर कांडून आणायचा. रंगाला ब्याडगी, जाळाला संकेश्वरी किंवा लवंगी, मग धणे, तीळ, खसखस, सुकं खोबरं, दगडफूल, भाजलेला कांदा, ढीगभर लसूण. आत्ती वाईनला हात लावत नाही, ती माळकरी आहे, पण त्या दिवशी चटणी तिचीच होती. "जाळ जिभेवर लागला तर चटणी कच्ची, घशात लागला तर पिकल्याली," हा तिचा निकष. शास्त्राचं म्हणणं असं की मिरचीतलं कॅप्सेसिन जिभेवरच्या उष्णता ओळखणाऱ्या चेतातंतूंना चाळवतं, आणि अल्कोहोलही नेमक्या त्याच तंतूंना हळवं करतं. म्हणून रश्श्याच्या घोटावर १४ टक्क्यांच्या वाईनचा घोट म्हणजे निखाऱ्यावर फुंकर. त्यात लाल वाईनचा तुरटपणा, म्हणजे टॅनिन, लाळेतली प्रथिनं बांधून तोंड कोरडं करतं, आणि कोरड्या तोंडाला तिखट आणखी झोंबतं. शिराझ इथं सपशेल हरली, सेट्टेसुद्धा. एटनाची वाईन रंगानं फिकी, आंबटपणानं धारदार, ती कशीबशी तगली. माझं मत ठाम आहे: रश्श्याला दमदार लाल वाईन देऊ नये. ज्याला हवीच असेल त्यानं हलकी, गार, किंचित गोडसर गुलाबी वाईन घ्यावी. नाहीतर रश्श्याचा जोडीदार भात आहे, आणि तो पुरेसा आहे.

तेच मटण सुकं केलं आणि डाव पालटला. जतकडचं माडग्याळी मेंढीचं मटण होतं, चरबी धरून. वहिनींनी चटणीचा हात आखडता घेऊन काळी मिरी, खोबरं आणि भाजलेल्या कांद्यावर ते परतलं होतं. टॅनिनला बांधायला लाळेऐवजी मांसाची प्रथिनं आणि चरबी मिळाली की वाईन मऊ लागते. शिवाय शिराझ आणि काळी मिरी यांचं नातं रक्ताचं आहे. ऑस्ट्रेलियातल्या वाईन संशोधकांनी २००८ मध्ये दाखवून दिलं की शिराझमधला मिरीचा वास रोटंडोन नावाच्या द्रव्याचा आहे, आणि हेच द्रव्य खऱ्या मिरीतही असतं. त्या घासानंतर भाऊ पहिल्यांदा पेल्याकडे बघून गप्प झाला. मग म्हणाला, "ह्ये जमलं." त्या संध्याकाळचं सगळ्यांत सरस जोडपं हेच.

अख्खा मसूर हा इस्लामपूर-कराड पट्ट्यातल्या ढाब्यांचा मान. भिजवून टच्च फुगलेला, भरपूर कांदा-टोमॅटो, वर तर्री, बाजूला रोटी. मसुराला मातकट गोडी असते आणि टोमॅटोचा आंबटपणा. सांजोवेझे हे द्राक्ष टोमॅटोच्या देशातलंच, त्यामुळं सेट्टे इथं घरच्यासारखी बसली. तर्री मात्र बाजूला काढावी लागली. कोरेगावच्या वाघ्या घेवड्याची उसळही अशाच जातीची, फक्त अधिक साधी. तिच्याबरोबर कुठलीही मध्यम लाल वाईन चालेल.

आणि वांगं. यावर थोडं रेंगाळतो, कारण मला यानंच चकित केलं. एटनाच्या पायथ्याशी कातानिया शहर आहे आणि त्या शहराचा लाडका पदार्थ आहे तळलेल्या वांग्याचा: पास्ता, टोमॅटो, वर खारवलेलं किसलेलं चीज. ज्वालामुखीच्या मातीतलं वांगं आणि ज्वालामुखीच्या मातीतली वाईन ही जोडी तिथं पिढ्यांची आहे. कृष्णाकाठची वांगी आपल्याकडे नावाजलेली आहेत. वहिनींनी छोटी, काटेरी देठाची वांगी चार चिरा देऊन शेंगदाणा-तिळाच्या कुटानं भरली आणि झाकण ठेवून तेलावर शिजवली. एटनाची वाईन आणि भरलं वांगं एकत्र आल्यावर वांग्याचा किंचित कडवटपणा वाईनच्या कडवटपणात विरघळून गेला, शेंगदाण्याच्या तेलानं टॅनिनची धार बोथट केली, आणि मागं राहिला भाजलेल्या तिळाचा आणि आंबट चेरीचा वास. मटण न खाणाऱ्या घरांत लाल वाईनबरोबर काय, या प्रश्नाचं कृष्णाकाठचं उत्तर भरलं वांगं आहे, आणि त्याबरोबर ज्वारीची भाकरी. भाकरीच्या करपट पापुद्र्याचा धुरकट वास ओकच्या पिपात मुरलेल्या वाईनला सावरून धरतो.

पिठलं-खरड्याचं थोडक्यात: नको. खरड्यातली कच्ची हिरवी मिरची आणि कच्चा लसूण कुठल्याच वाईनला उभं राहू देत नाहीत. कच्चा कांदा तसाच, ताटातून उचलून ठेवावा. दह्याच्या कोशिंबिरीनंतर लाल वाईन धातूसारखी लागते. साताऱ्याचा कंदी पेढा मी मुद्दाम शेवटी ठेवला होता, आणि अपेक्षेप्रमाणे झालं. पदार्थ वाईनपेक्षा गोड असला की वाईन आंबट नि रोड वाटते. पेढ्यानं तिन्ही बाटल्यांचा बळी घेतला. त्याला पाणीच बरं.

पेढ्यावरून बोलणं पुन्हा बेदाण्याकडे वळलं. सिसिली आणि ट्युनिशिया यांच्यामध्ये पांतेल्लेरिया नावाचं एक ज्वालामुखी बेट आहे. वारा एवढा की तिथले वेल खड्ड्यांत, बुटके वाढवतात. वेल जोपासण्याच्या त्या रीतीची युनेस्कोनं २०१४ मध्ये वारसा म्हणून नोंद केली. तिथले लोक द्राक्ष उन्हात वाळवतात आणि त्या वाळल्या द्राक्षाची गोड, सोनेरी वाईन करतात. उत्तर इटलीत व्हेरोनाजवळ काळी द्राक्षं तीन-चार महिने जाळ्यांवर सुकवून आमारोने ही भरभक्कम लाल वाईन होते. म्हणजे जगात अशा नामांकित वाईन आहेत ज्यांचं मर्म वेलीत जितकं आहे तितकंच वाळवण्यात आहे. आणि वाळवण्यात सांगलीचा हात कोण धरेल? कवठे महांकाळ-जतकडची कोरडी हवा, शेडनेटखालचे रॅक, घड केव्हा उलटायचा हे बोटांना ठाऊक असलेल्या बाया, शीतगृहं, सगळं आज उभं आहे. बेदाण्यासाठी आपण घड पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या द्रावणात बुडवतो, म्हणजे सालीवरचं मेण सुटून द्राक्ष पंधरा-वीस दिवसांत वाळतं. वाईनसाठी ते वगळावं लागेल, वाण बदलावा लागेल, वेळ जास्त द्यावा लागेल. पण अर्धवट वाळलेलं द्राक्ष दिवसाच्या आत वायनरीत पोचवायची घाई नसते. तात्यांचं जे दुखणं होतं, पैसे दुसऱ्याच्या हातात असण्याचं, ते इथं पुष्कळ हलकं होतं. नाशिकची नक्कल करण्यापेक्षा पलूसनं हा रस्ता धरायला हवा होता, असं मला मनापासून वाटतं. अजूनही धरता येईल. मांजरीचं राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र सांगलीहून चार-पाच तासांवर आहे. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं बारामतीजवळच्या होळच्या प्रक्षेत्रावर रस आणि वाईनसाठी, बुरशीला दाद न देणारं एआरआय-५१६ हे काळं द्राक्ष तयार केलंच आहे.

भावाला हे सांगितलं तेव्हा त्यानं हो-ना काही केलं नाही. पण मार्चच्या पहिल्या आठवड्यात त्याचा फोन आला, "येऊन जा." शेडमधल्या सगळ्यांत वरच्या रॅकवर, थॉम्पसनच्या हिरव्या-पिवळ्या पसाऱ्यापासून वेगळे, त्यानं शरद वाणाचे शे-दीडशे घड डिपिंग न करता पसरले होते. बारावा दिवस होता. मणी निम्मे सुरकुतले होते, देठं अजून हिरवी होती, आणि शेडमध्ये गुळाच्या गुऱ्हाळासारखा पण जरा आंबूस वास दरवळत होता. त्यानं एक मणी तोडून दातांत धरला, सालीचा तुरटपणा जिभेवर फिरवत बराच वेळ चघळला, आणि रॅकच्या लाकडी पट्टीवर खडूनं तारीख लिहिली.